बन हाऊसमधला दाखवण्याचा कार्यक्रम

लोणावळा, शनिवार, २ नोव्हेंबर १९४६

स्टेशन रोडवरून येताना आज पुन्हा तोच देखावा. चांगली शिकलेली माणसं भर रस्त्यात उभी राहून खातात. हातात कागद, कागदात पाव, पावात खिम्याची टिक्की, आणि मनगटावरून ओघळणारा तांबडा सॉस. दुकानाचं नाव अमेरिकन बन हाऊस. मालक तिकोणा पेठेचा महिपती. लढाईत आसामकडे अमेरिकन सोल्जरांच्या मेसमध्ये स्वयंपाकी होता, तिथून ही विद्या घेऊन आला. पदार्थाला हँबर्गर म्हणतो. नावात हॅम, म्हणजे डुकराचं मांस, आत बकऱ्याचा खिमा. म्हणजे पहिल्या घासाच्या आधीच एक खोटं.

बशी नाही. काटा नाही. सुरी नाही. नॅपकिन म्हणून कालचं वर्तमानपत्र.

आमच्या कॉन्व्हेंटमध्ये मदर सुपीरियर केळंसुद्धा काट्या-सुरीने खायला लावत. तेव्हा रडले. आज त्यांचे आभार मानते.

संकल्प : या दुकानात पाऊल टाकायचं नाही. हेडमिस्ट्रेस रिटायर होते, शिस्त रिटायर होत नाही.

वासंती वाचनालयातून उशिरा आली. भूक नाही म्हणाली, जेवली नाही. फार वाचते पोरगी. पदराला परतलेल्या कांद्याचा वास येत होता. विचारलं तर म्हणाली, वाचनालयाशेजारी कोणीतरी कांदा परततं गं आत्या. वाचनालय कमिटीच्या सभेत हा विषय काढायला हवा. पुस्तकांना वास लागेल.

मंगळवार, ५ नोव्हेंबर

तुळशीचं लग्न लावून भटजी फाटकाबाहेर पडले, आणि दिगंबरने बॉम्ब टाकला. हा माझा धाकटा भाऊ, वासंतीचा बाप. रेल्वेत ओव्हरसियर, घरात बिनपगारी पाहुणा. म्हणाला, आक्का, वासंतीला तळेगावच्या कर्णिकांचं स्थळ आलंय. मुलगा रेल्वेत इलेक्ट्रिकच्या कामावर आहे, चिंतामणी नाव, हुशार आहे.

मी लग्नाच्या विरुद्ध नाही. तत्त्व म्हणून लग्न ठीकच आहे. पण वासंतीचं काय काम त्यात? तिची आई गेली तेव्हा ती एवढीशी होती. दिगंबर कामावर असायचा, मुलगी माझ्याजवळ वाढली. आता माझ्याच शाळेत शिकवते. जूनमध्ये सध्याच्या हेडमिस्ट्रेसबाई जातील आणि त्या खुर्चीवर वासंती बसेल. हे ठरलेलं आहे. म्हणजे मी ठरवलेलं आहे. संध्याकाळी आम्ही दोघी व्हरांड्यात बसतो, ती मोठ्याने इंग्रजी वाचते, मी उच्चार सुधारते. यात काय कमी आहे?

बातमी ऐकून तिला फार धक्का बसला. पदर तोंडाला लावून आत पळाली. खांदे हलत होते. बिचारी.

बुधवार, ६ नोव्हेंबर

वासंती वाचनालयात. परत आली ती गुणगुणत. संकटातही मन खंबीर ठेवते. माझं वळण. जेवली नाही.

गुरुवार, ७ नोव्हेंबर. दुपारी.

युक्ती सुचली.

स्थळ सरळ नाकारलं तर दिगंबर तोंड फुगवणार. त्यापेक्षा मुलगा वासंतीच्याच नजरेतून उतरला पाहिजे. घरी दाखवण्याचा कार्यक्रम केला की मुलगा पोहे खातो. पोहे चमच्याने कोणालाही खाता येतात. त्यात वळण दिसत नाही. महिपतीचा तो पदार्थ मात्र कोणाला सभ्यपणे खाता येईल? चिंतामणी कर्णिक जबडा फाडून बनला चावा घेणार, सॉस शर्टावर, कांदा मिशीला. समोर वासंती बघते आहे. खलास.

म्हणून कार्यक्रम घरी नाही, बन हाऊसमध्ये. कल्पना पूर्ण माझी. वासंती सकाळी एवढंच म्हणाली होती, आत्या, तेच ते पोहे नकोत, स्टेशनजवळ नवीन दुकान आहे म्हणे.

दिगंबर वाद घालील वाटलं होतं. लगेच हो म्हणाला. माझ्या शब्दाला अजून वजन आहे घरात.

शनिवार, ९ नोव्हेंबर

बन हाऊसला भेट. पाऊल न टाकण्याचा संकल्प खाण्यापुरता होता, इन्स्पेक्शन वेगळं.

आत दोन बाकं, एक टेबल, एक तवा. तवा स्वच्छ. हे लिहून ठेवते, म्हणजे मी पक्षपाती नाही हे दिसेल. (कोणाला दिसेल? असो.)

महिपतीला म्हटलं, येत्या सतराला, रविवारी, टेबल पुसून ठेव, आणि काटे-सुऱ्या? म्हणाला, काटं न्हाईत बाई हितं. अमेरिकन सायब बी हातानंच खात व्हतं. मी म्हटलं, अमेरिका म्हणजे विलायत नव्हे. म्हणाला, व्हय, पन उडनारी इमानं लय व्हती त्यांच्याकडं.

उद्धट नाही, पण उत्तर देतो.

कार्यक्रम कसला ते सांगितल्यावर त्याचा चेहरा उजळला. म्हणाला, आमच्या वासंतीताईंचा? लय ब्येस झालं! ताईंना कांदा परतून लागतो, ध्यानात हाय माज्या.

शाळेतल्या बाई म्हटल्या की गावभर ओळख असतेच. पण कांद्याचं कसं कळलं? हॉटेलवाल्यांना चेहऱ्यावरून समजत असावं.

रविवार, १० नोव्हेंबर

तालीम. रतनबाईला पाठवून एक हँबर्गर घरी आणवला. (रतनबाई भुशीची, आमचा स्वयंपाक करते आणि मला नाही ते सांगते.) चिनी बशी घेतली. कॉन्व्हेंट सोडताना बक्षीस मिळालेली जांभळ्या मखमलीची पेटी उघडली. काटा डाव्या हाती, सुरी उजव्या. पाठ ताठ.

सुरी लावताच वरचा पाव पुढे गेला, खालचा मागे आला, आणि टिक्की मधून निसटून दिगंबरच्या वर्तमानपत्रावर जाऊन बसली. बशी फार गुळगुळीत. दोष बशीचा.

उरलेलं रतनबाईने मागच्या पायरीवर बसून खाल्लं. दोन्ही हातांनी धरून, कागद निम्मा खाली सोलून. थेंब सांडला नाही. मी म्हटलं, हे कुठे शिकलीस? म्हणाली, ताई अश्शी धरत्यात. मी म्हटलं, कोणती ताई? तर म्हणाली, कोनची बी ताई, बाई. आन् लय झ्याक लागतंय, तुमी बी खाऊन बगा की.

नको. मी तालमीपुरती आहे.

रविवार, १७ नोव्हेंबर. संध्याकाळी.

जे घडलं ते क्रमाने लिहिते.

कर्णिक मंडळी वेळेवर. आई लीलाबाई, वडील, मुलगा. वडील बोलत नाहीत. लीलाबाई दोघांचं बोलतात. जांभळी नारायणपेठी, भरगच्च आवाज. आत येताच म्हणाल्या, अगंबाई, वास काय सुटलाय! दाखवायच्या कार्यक्रमाला प्रथमच खरी भूक लागली हो टिपणीसबाई. एरवी मेले ते पोहे, आणि मुलगी रडवेली.

मुलगा सावळा, दात चांगले. मिशी नाही. माझ्या योजनेतला पहिला तडा.

महिपती ट्रे घेऊन निघाला, तर लीलाबाईंनी अडवलं. मुलीनंच आणायचं, रीत आहे. वासंती उठली, सरळ तव्याच्या मागे गेली, फळीवरून कागद काढले, सॉसची बाटली खालच्या खणातून घेतली, आणि ट्रे घेऊन आली. अनोळखी जागेत एकदाही अडखळली नाही. यालाच म्हणतात शिक्षिकेचं प्रसंगावधान.

मग परीक्षा. मी मुलाला विचारलं, मासे वाढले असता काटा कोणत्या बाजूला असतो? म्हणाला, आत्याबाई, आमच्याकडे तो माशातच असतो. दिगंबर हसला. वडील कर्णिक हसले. वासंतीने मान खाली घातली. लाज वाटली असणार तिला त्याची. एक गुण वजा.

खायला सुरुवात. मी डोळ्यांत तेल घालून पाहत होते. चिंतामणीने कागद निम्मा सोलला, दोन्ही हातांनी धरलं, व्यवस्थित खाल्लं. सॉस नाही, थेंब नाही. अट्टल दिसतो. पण मग मोठी चूक केली. सगळ्यांदेखत वासंतीच्या बनमधला टोमॅटो बोटांनी ओढून काढला आणि आपल्या बनमध्ये घातला! न विचारता! आणि तिने काढू दिला! वासंतीला टोमॅटो आवडत नाही ही गोष्ट निराळी, पण त्याला ते काय माहीत? निव्वळ हावरटपणा. इथे स्थळ मोडलं असं मी मनात नक्की केलं.

थांबले असते तर बरं झालं असतं. पण म्हटलं, जाता जाता वळण म्हणजे काय ते या लोकांना दिसू दे. पेटी आणली होतीच. उघडली. मखमल बघायला महिपती तवा सोडून पुढे आला. बाहेरचे रेल्वेचे लोकसुद्धा डोकावले. दिगंबर हळूच म्हणाला, आक्का, नको. मी काटा रोवला, सुरी लावली, आणि जरा जोर दिला.

टिक्की उडाली. टेबलावरून सरळ समोर. लीलाबाई सॉस सांडू नये म्हणून मांडीवर पदर पसरून बसल्या होत्या. त्या पसरलेल्या पदरात, बरोबर मधोमध, पडली.

मी माफी मागायला तोंड उघडलं. इंग्रजी मागावी की मराठी, याचा विचार करत होते.

लीलाबाईंनी पदराकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. मग पदराची दोन्ही टोकं उचलून धरली आणि अख्ख्या स्टेशन रोडला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, अहो ऐकलंत का, विहिणीची ओटी भरली! रीतीप्रमाणे सवाष्णीनं भरायची असते, पण बाईंनी एवढ्या लांबून नेम धरून भरली, तेव्हा चालवून घेऊ. ओटीत पडलेलं आमच्यात परत करत नाहीत हो. मुलगी आमची!

वडील कर्णिक तेव्हा पहिल्यांदा बोलले. म्हणाले, पसंत.

महिपतीने सगळ्यांना साखर वाटली. रेशनची! बाहेरचे लोक टाळ्या वाजवत होते. दिगंबर कर्णिकांच्या गळ्यात पडला. ओटीत नारळ घालतात, तांदूळ घालतात, खण घालतात. खिमा घालत नाहीत. हे मी तीनदा सांगितलं. कोणी ऐकलं नाही.

हरकत नाही. वासंतीची पसंती अजून बाकी आहे. उद्या ती स्पष्ट नाही म्हणेल. मी तिला ओळखते.

सोमवार, १८ नोव्हेंबर

हो म्हणाली.

बुधवार, २० नोव्हेंबर

आज रतनबाई भाजी निवडत असताना म्हटलं, रतनबाई, पोरीवर दबाव आणला या लोकांनी. एका भेटीत कोणी लग्नाला तयार होतं का?

रतनबाईने भाजी खाली ठेवली. मग म्हणाली, एक भेट? अवो बाई, आषाढापास्नं चाललंय त्यांचं. दर बुदवारी आन् शनवारी, महिपतीच्या हितं, भिंतीकडच्या बाकावर. समद्या लोनावळ्याला ठावं हाय. तुमाला म्हाईत असल, पन बोलत नसाल, असं वाटलं मला.

मी म्हटलं, शक्य नाही. बुधवारी आणि शनिवारी वासंती वाचनालयात असते.

मग आठवलं. वाचनालय बुधवारी बंद असतं. तो ठराव कमिटीत मीच आणला होता, आणि हट्टाने पास करून घेतला होता.

म्हणजे दिगंबरला माहीत होतं. रतनबाईला माहीत होतं. महिपतीला, तर कांद्यासकट, माहीत होतं. लीलाबाईंनाही माहीत असणार. म्हणूनच त्यांनी पदर इतका रुंद पसरला होता. एका पावाच्या तुकड्यासाठी माझ्या घरच्या माणसांनी माझ्याशी दगा केला. जूलियस सीझरला निदान सुऱ्या तरी मारल्या होत्या. इथे सुरी माझ्याच हातात होती.

शनिवार, २३ नोव्हेंबर

संकल्प :
लग्नाला जाणार नाही.

सोमवार, २५ नोव्हेंबर

लग्नाला जाईन. लोक विचारतील. पण जेवणार नाही.

शनिवार, ३० नोव्हेंबर

वासंती व्हरांड्यात येऊन बसली. पुस्तक आणलं नव्हतं. मी सुपारी कातरत होते, कातरत राहिले.

म्हणाली, आत्या, मी तुला सांगणार होते गं. दोनदा आले होते सांगायला. पहिल्यांदा आय हॅव मेट समवन असं इंग्रजीत सुरू केलं, तर तू माझा व्ही सुधारलास. दुसऱ्यांदा मराठीत आले, तर म्हणालीस आधी पाठ ताठ कर, मग बोल. पाठ ताठ केली आणि धीर गेला.

मी म्हटलं, मला असं काही आठवत नाही.

म्हणाली, तू एकटी पडशील याची मला रात्रंदिवस काळजी. म्हणून तर पोह्यांऐवजी महिपतीचं दुकान सुचवलं. वाटलं, एकदा तिथे येऊन बसलीस, खाल्लंस, की तुला तो आवडेल.

कोण, महिपती?

हसली. मग रडली. मी तिला रुमाल दिला. व्ही तिचा अजून नीट नाही. पण आज सुधारला नाही.

जूनमधल्या खुर्चीबद्दल बोलायचं होतं. राहून गेलं.

रविवार, ८ डिसेंबर

लग्न झालं. जेवणार नव्हते, पण लीलाबाई पंगतीत शेजारी येऊन बसल्या आणि पदर पसरून म्हणाल्या, बाई, आज काय घालता ओटीत? सगळी पंगत हसली. मीही हसले असं दिगंबर म्हणतो. जिलेबी घशात अडकली होती, म्हणून तसं दिसलं असेल.

निघताना वासंतीला मखमलीची पेटी दिली. काटा, सुरी, चमचा. चार शब्द बोलले. म्हटलं, जिथे जाशील तिथे वळण घेऊन जा. जावयाला काही येत नाही, तू शिकव. तिने वाकून नमस्कार केला. पाठ ताठ करून उठली. तेवढ्यासाठी मी तयार होते, पण उठल्यावर तिने मिठी मारली. त्यासाठी नव्हते.

चिंतामणीची बदली कल्याणला झाली आहे. लग्न होताच! हीसुद्धा ठरवून केलेली असणार. रेल्वेने.

शनिवार, १४ डिसेंबर

वाचनालयात गेले. वाचनालयाशेजारी कोणीही कांदा परतत नाही.

सोमवार, २३ डिसेंबर

दिगंबर कल्याणला जाऊन आला. पोरगी सुखात आहे म्हणाला. मी पेटीचं विचारलं. म्हणाला, छान उपयोग होतोय, काट्याला वांगं टोचून निखाऱ्यावर धरतात, हात पोळत नाही. चिंतामणीनेच काढली ही युक्ती. सुरीने पार्सलांच्या दोऱ्या कापतात.

आणि चमचा?

चमचा वासंतीने स्वतःजवळ ठेवलाय, म्हणाला. रोज सकाळी त्यानेच चहा ढवळते.

मी विषय बदलला.

बुधवार, १ जानेवारी १९४७

नवीन वर्षाचे संकल्प. एक, पहाटे उठणे. दोन, मोठ्याने इंग्रजी वाचणे, कोणी ऐको न ऐको. तीन, अमेरिकन बन हाऊसमध्ये कधीही पाऊल न टाकणे.

संध्याकाळी

बुधवार, म्हणून वाचनालय बंद. दिगंबर ड्यूटीवर. रतनबाईच्या पुतणीचं बारसं, ती भुशीला गेलेली. स्वयंपाक नव्हता असं नाही. झाकून ठेवला होता. पण स्टेशन रोडवर पत्रपेटीकडे काम होतं. पत्र लिहिलेलं नव्हतं, हे तिथे पोचल्यावर लक्षात आलं.

महिपतीने लांबूनच पाहिलं. म्हणाला, या बाई, या! तुमच्यासाटी मुद्दाम पांढरी पलेट आनून ठिवलीया. काटं-सुरी तुमची तुमच्यापाशी हायतीच.

मी म्हटलं, आज आणली नाहीत.

त्याने भिंतीकडचं बाक पुसलं. तिथेच बसवलं. पलेट खरोखर पांढरी होती, आणि तिच्यावर हँबर्गर, कागदात, वाफ निघणारा. ताईंचं कसं चाललंय, त्याने विचारलं. छान, मी म्हटलं. मग गिऱ्हाईक आलं, तो तव्याकडे गेला.

आजूबाजूला ओळखीचं कोणी नव्हतं. कागद निम्मा सोलला. दोन्ही हातांनी धरलं.

चव बरी आहे. जास्त लिहीत नाही.

टोमॅटो मलाही आवडत नाही. काढला आणि पलेटच्या समोरच्या कडेला, घेणाऱ्याला घेता येईल असा, ठेवला. उठले तेव्हा तिथेच होता.